अनेक तबकड्यांची एक तबकडी

ग्रंथांचा इतिहास लिहिणारे विद्वान् ग्रंथकारांविषयीं पुष्कळ लिहितात, लेखकूंविषयीं थोडें लिहितात, आणि बांधणी करणाऱ्या कारागिराविषयीं बहुधा कांहींच लिहीत नाहींत. वास्तविक सुटीं पानें एकत्र राहिलीं तरच ग्रंथ राहतो. ज्यांच्या घरीं जुन्या पोथ्या आहेत त्यांस हें सांगावयास नको. पोथीच्या पानांवर अंक घातलेले असतात, तीं दोन फळ्यांमध्यें धरून रुमालांत बांधलेलीं असतात, आणि एवढी काळजी घेऊनहि मधलें एखादें पान नाहींसें झालें म्हणजे पुढचीं शंभर पानें हातीं असून नसल्यासारखीं होतात.

संगणकाच्या इतिहासांतहि असा एक सुट्या पानांचा काळ होऊन गेला. विसाव्या शतकाचीं शेवटचीं वीस वर्षें आणि एकविसाव्याचीं पहिलीं दहा वर्षें मिळून जो काळ होतो, त्यांत मोठें सॉफ्टवेअर एका तबकडींत क्वचित् मावे. तें तीन, पांच, तेरा, चोवीस अशा तबकड्यांवर वाटून येई, आणि संगणकांत बसवितांना "आतां दुसरी तबकडी घाला" अशी आज्ञा पडद्यावर उमटे. या सुट्या तबकड्या एकत्र करून त्यांची एकच तबकडी बनविण्याचा उद्योग त्या काळीं अनेकांनीं केला. त्याची हकीकत आम्ही येथें सांगणार आहों. विषय वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. परंतु आपल्या काळाचें संगणकीय वाङ्मय पुढील पिढ्यांस कोणत्या रूपांत मिळणार, हा प्रश्न त्याच्याशीं निगडित आहे, आणि तो क्षुल्लक नाहीं.

प्रथम मापें पाहूं. १९८७ सालीं आय. बी. एम. कंपनीच्या पीएस/२ यंत्रांबरोबर साडेतीन इंची फ्लॉपीचा जो प्रकार रूढ झाला, तिच्या दोन्ही अंगांवर ८०-८० वर्तुळाकार मार्ग असत, प्रत्येक मार्गाचे १८ भाग असत, आणि प्रत्येक भागांत ५१२ बाइट मावत. म्हणजे एका फ्लॉपींत एकूण १४,७४,५६० बाइट. ७४ मिनिटांच्या सीडींत सुमारें ६८ कोटि बाइट मावतात. म्हणजे एक सीडी ही सुमारें ४६० फ्लॉप्यांच्या बरोबरीची. एका थराच्या डीव्हीडींत ४७० कोटि बाइट मावतात. म्हणजे ती सहा सीडी पोटांत घेऊन वर थोडी मोकळी राहते. या तीन मापांत सगळा इतिहास आला. भांडें मोठें झालें कीं कांहीं वर्षें सर्व कांहीं एका भांड्यांत मावे. मग सॉफ्टवेअर वाढे, भांडें अपुरें पडे, आणि पुन्हां वांटणी सुरू होई.

फ्लॉपीच्या काळांतील दोन उदाहरणें बोलकीं आहेत. जुलै १९९३ मध्यें पॅट्रिक व्होल्कर्डिंग यांनीं स्लॅकवेअर नांवाची लिनक्सची मांडणी प्रसिद्ध केली. तिच्या पहिल्या आवृत्तीस २४ फ्लॉप्या लागत. या फ्लॉप्यांची विभागणी विचारपूर्वक केलेली होती. मूळ प्रणालीचा संच निराळा, जाळ्याच्या जोडणीचा निराळा, चित्रमय पडद्याचा निराळा, आणि प्रत्येक संचास एकेका अक्षराची खूण. ज्यास जेवढें हवें त्यानें तेवढेच संच उतरवून घ्यावे. येथें तबकड्यांची सीमा आणि विषयाची सीमा एकच होती. पोथीचे अध्यायच सुटे बांधले होते म्हणा ना!

दुसरें उदाहरण विंडोज ९५ चें. २४ ऑगस्ट १९९५ रोजीं विक्रीस आलेली ही प्रणाली सीडीवर मिळे, तशीच १३ फ्लॉप्यांवरहि मिळे. फ्लॉप्यांची संख्या कमी व्हावी म्हणून मायक्रोसॉफ्ट कंपनीनें एक युक्ति केली होती. पहिली फ्लॉपी नेहमींच्या मापाची ठेवून पुढच्या बारांवर प्रत्येक मार्गाचे १८ ऐवजीं २१ भाग पाडले. त्यामुळें एकेका फ्लॉपींत १७,२०,३२० बाइट मावूं लागले. हिशेब केला तर असें दिसतें कीं, या तेरा फ्लॉप्यांची एकूण जागा साध्या पंधरा फ्लॉप्यांच्या जागेइतकी बरोबर होते. दोन फ्लॉप्या वांचल्या. पण त्याबरोबर असें झालें कीं, डॉसमधील नेहमींच्या नक्कल करण्याच्या आज्ञेनें या फ्लॉप्यांची नक्कल होईना. येथें तबकड्यांच्या सीमेस विषयाशीं कांहींच कर्तव्य नव्हतें. दाबून भरलेला मजकूर जागा संपेल तेथें तुटे आणि पुढच्या फ्लॉपीवर सुरू होई. अकरावी फ्लॉपी बिघडली तर आधींच्या दहांचें कष्ट वायां जात.

अशा स्थितींत बांधणीची पहिली रीत आपोआप निघाली. फ्लॉप्यांतील सर्व दाबलेल्या फाईली एकेक करून संगणकाच्या हार्ड डिस्कवर एका फोल्डरमध्यें उतरावयाच्या आणि तेथूनच प्रणाली बसवावयाची. सर्व पानें एका जागीं असल्यामुळें "पुढची तबकडी घाला" ही आज्ञा उमटण्याचें कारणच राहत नसे. पुढें सीडी लिहिणारीं यंत्रें सामान्य माणसाच्या आवाक्यांत आलीं, तेव्हां तेंच फोल्डर सीडीवर उतरवूं लागले.

हें वाचून कोणास वाटेल कीं, मग यांत विद्या ती कोणती? सर्व फाईली एकत्र केल्या कीं झालें! परंतु तसें नाहीं. बसविणाऱ्या प्रोग्रॅमास आपल्यासमोर कोणती तबकडी आहे हें ओळखावें लागतें, आणि तें ओळखण्याच्या खुणा निरनिराळ्या असतात. कोठें ती खूण म्हणजे तबकडीस दिलेलें नांव असे. कोठें प्रत्येक तबकडींत एक लहानशी नाममात्र फाईल असे, आणि तिच्या अस्तित्वावरूनच क्रमांक ओळखला जाई. १९९९ नंतर रूढ झालेल्या विंडोज इन्स्टॉलर पद्धतींत तर एक सबंध कोष्टकच असतें: प्रत्येक फाईलीस अनुक्रमांक, कोणत्या अनुक्रमांकापर्यंतच्या फाईली कोणत्या तबकडीवर आहेत याची नोंद, आणि त्या तबकडीचें नांव. या खुणा न जाणतां सर्व फाईली एका ढिगांत टाकल्या, तर दोन तबकड्यांवरील एकाच नांवाच्या निराळ्या फाईली एकमेकींवर पडत, किंवा प्रोग्रॅम समोर असलेलीच तबकडी पुन्हां पुन्हां मागत बसे.

कांहीं उत्पादकांनीं मात्र दाराची कडी स्वतःच काढून ठेविली होती. ओरॅकल कंपनीची ९आय ही माहितीसंग्रहाची प्रणाली तीन सीडींवर येई. त्या तिन्हींचीं तीन फोल्डरें शेजारीं शेजारीं करावीं आणि त्यांस 'डिस्क१', 'डिस्क२', 'डिस्क३' अशीं नांवें द्यावीं, म्हणजे बसविणारा प्रोग्रॅम पुढची तबकडी न मागतां शेजारच्या फोल्डरांत जाऊन हवें तें घेई. शहाणा ग्रंथकार पानांवर अंक घालून ठेवतो तो असा.

सीडीच्या बांधणींत आणखी एक अडचण होती. संगणक सुरू होतांच तबकडीनें स्वतः कामास लागावें अशी अपेक्षा असते. पण सीडीची मूळ रचना त्यासाठीं केलेलीच नव्हती. सीडीवर फाईली कशा मांडाव्या याचा आंतरराष्ट्रीय नियम १९८८ सालीं आयएसओ ९६६० या क्रमांकानें ठरला. त्यांत यंत्र सुरू करण्याची सोय व्यवहारांत येईल इतकी स्पष्ट नव्हती. ती १९९५ सालीं फिनिक्स आणि आय. बी. एम. या कंपन्यांनीं 'एल टोरिटो' नांवाच्या पद्धतीनें करून दिली. तीमध्यें सीडीवर एका फ्लॉपीचें हुबेहूब चित्र ठेवतां येतें आणि यंत्र त्या चित्रासच फ्लॉपी समजून चालू होतें. किंवा असें सोंग न आणतांहि सीडीवरील एक लहान प्रोग्रॅम सरळ चालवितां येतो. नवी तबकडी बांधणाऱ्यानें मूळ पहिल्या तबकडीची ही सोय जशीच्या तशी नव्या तबकडींत आणली नाहीं, तर सर्व मजकूर असूनहि ती निर्जीव राही.

सीडी आली तेव्हां ४६० फ्लॉप्यांची जागा कोण कधीं भरणार असें लोकांस वाटलें होतें. दहा वर्षेंहि लागलीं नाहींत. १९९५ चा 'फँटासमागोरिया' हा खेळ सात सीडींवर आला. १९९७ चा 'रिव्हन' पांच सीडींवर आला. 'रिव्हन' मधील जग बेटांचें आहे, आणि खेळणारा एका बेटावरून दुसऱ्या बेटावर निघाला कीं सीडी बदलावी लागे. पुढें हाच खेळ एका डीव्हीडीवर निघाला आणि तो थांबा नाहींसा झाला. सोय झाली खरी. पण प्रवासांत मध्यें उठून सीडी बदलणें हा त्या खेळाच्या पहिल्या वाचनाचा भाग होता, आणि तो एकत्रित आवृत्तींत दिसत नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

या उद्योगाचा खरा बहर लिनक्सच्या क्षेत्रांत दिसला, कारण तेथें नक्कल करण्यास आणि फेरमांडणी करण्यास परवान्यानेंच मुभा दिली होती. जुलै २००२ मध्यें आलेली डेबियनची ३.० ही आवृत्ति सात सीडींची होती. मार्च २००३ मधील रेड हॅट लिनक्स ९ आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत आलेली फेडोरा कोअर १ यांस बसविण्यासाठीं तीन-तीन सीडी लागत. शिवाय मूळ संहितेच्या सीडी निराळ्या. त्या वेळीं डीव्हीडी लिहिणारीं यंत्रें घरोघर येऊं लागलीं होतीं, परंतु प्रकाशक अजून सीडींचेच संच काढीत होते. कारण ज्यांच्याकडे जुनें यंत्र आहे त्यांस सोडून चालण्यासारखें नव्हतें. तेव्हां ज्यांच्याकडे नवें यंत्र होतें त्यांनीं बांधणी स्वतःच केली.

ती रीत थोडी विस्तारानें सांगण्यासारखी आहे. प्रथम तिन्ही सीडींच्या प्रतिमा-फाईली, सीडीवर न लिहितांच, संगणकास सीडी म्हणून दाखवावयाच्या. त्यांतील पहिलीचा सगळा मजकूर एका फोल्डरांत उतरावयाचा. मग दुसरी-तिसरींतील पॅकेजें पहिलीच्याच पॅकेजांच्या फोल्डरांत ओतावयाचीं. त्यानंतर खरें मर्माचें काम. प्रत्येक सीडीच्या मुळाशीं 'डिस्कइन्फो' नांवाची एक लपविलेली फाईल असे. तिच्या पहिल्या ओळींत त्या आवृत्तीची काळखूण, दुसरींत तिचें नांव, तिसरींत यंत्राचा प्रकार आणि चौथींत तबकडीचा क्रमांक. काळखूण तशीच ठेवावयाची, आणि चौथ्या ओळींत "१" असें होतें तेथें "१,२,३" असें लिहावयाचें. एवढ्या एका ओळीनें बसविणाऱ्या प्रोग्रॅमास कळे कीं, समोरची ही एकच तबकडी पहिलीहि आहे, दुसरीहि आहे आणि तिसरीहि आहे. शेवटीं या फोल्डराची नवी प्रतिमा बनवावयाची. त्या वेळीं लांब नांवें जतन करणारी 'रॉक रिज' ही जोड विसरून चालत नसे. कारण आयएसओ नियमाची सर्वांत कडक पायरी नांवास आठ आणि पुढें तीन एवढींच अक्षरें देते, आणि पॅकेजांचीं नांवें आवृत्तीच्या आंकड्यांसह कितीतरी लांब असत. नांवें तुटलीं कीं यादींतील नांव एक आणि तबकडीवरील नांव दुसरें, असा घोटाळा होई.

विंडोजच्या क्षेत्रांत निराळीच हातोटी दिसून आली. विंडोज २००० च्या कार्यालयीन कामाच्या आणि सर्व्हरच्या आवृत्त्या निरनिराळ्या सीडींवर येत. पण त्यांतील बहुतेक फाईली अक्षरशः एकच होत्या. सीडीवरील अनुक्रमणिका फाईलीचें नांव आणि तिचें ठिकाण एवढेंच सांगते. तेव्हां दोन नांवांस एकच ठिकाण दाखविलें तर मजकूर एकदांच लिहावा लागतो. मायक्रोसॉफ्टच्याच प्रतिमा बनविणाऱ्या साधनांत सारख्या फाईली एकदांच लिहिण्याची सोय होती. तिचा उपयोग केला म्हणजे तीन सीडींचा ऐवज एका सीडींत बसे, आणि अनुक्रमणिकेवरून बेरीज केली तर ती सीडीच्या मापाहून मोठी भरे! पुढें २००७ सालीं विंडोज व्हिस्टा आली तेव्हां हेंच तत्त्व उत्पादकानें उघडपणें स्वीकारलें. एका डीव्हीडीवरील एकाच मोठ्या फाईलींत तिच्या अनेक आवृत्त्या एकत्र नांदत होत्या.

बांधणीस विरुद्ध असाहि एक मार्ग होता, तो सांगितल्यावांचून हकीकत पुरी होणार नाहीं. अनेक एकत्र करण्यापेक्षां थोडें निवडावें, हा तो मार्ग. क्लाउस क्नॉपर यांनीं २००० सालीं क्नॉपिक्स काढली. तिनें सुमारें दोनशें कोटि बाइटांचा ऐवज दाबून एका सीडींत बसविला आणि हार्ड डिस्कवर न बसवितांहि तो चालूं लागला. ऑक्टोबर २००४ मध्यें आलेल्या उबुंटूनें तर एका कामास एकच प्रोग्रॅम असा दंडक घातला आणि एक सीडी पुरेशी केली. ज्ञानकोशाचे सर्व खंड एका पुठ्ठ्यांत बांधणारा एक, आणि त्यांतून एक सुटसुटीत पुस्तक करणारा दुसरा. दोघांसहि समाजांत स्थान आहे. परंतु निवडीचें काम प्रकाशकाचें, आणि बांधणी मात्र वाचकाच्या हातची, एवढा फरक आहे.

आपल्याकडे या गोष्टीचें महत्त्व विशेष होतें. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमनें सामान्य ग्राहकांस इंटरनेट खुलें केलें खरें. पण तें टेलिफोनच्या तारेवरून येई. त्या तारेचा अधिकांत अधिक वेग सेकंदास ५६ हजार बिट धरला, तरी ७०० मेगाबाइटांची एक सीडी उतरावयास अखंड २९ तासांहून अधिक वेळ लागे. तीन सीडींस साडेतीन दिवसांहून अधिक. म्हणून मुंबई-पुण्यापासून लहान गांवांपर्यंत हीं सॉफ्टवेअरें बहुधा हातोहात फिरत: 'पीसीक्वेस्ट' सारख्या मासिकांबरोबर आलेली सीडी, एखाद्या कॉलेजांतील मित्राची सीडी, लिनक्स वापरणाऱ्यांच्या मंडळांतील सीडी. हातोहात फिरणाऱ्या संचाची गत उसन्या दिलेल्या पुस्तकांसारखी होते. पहिला भाग एकाकडे, तिसरा दुसऱ्याकडे, आणि दुसरा कोणाकडे तें कोणास आठवत नाहीं. तीन सीडींची एक डीव्हीडी झाली म्हणजे संच मोडण्याची भीति गेली. एकत्रीकरणाचा हा लाभ वेगवान् जाळ्याच्या देशांस तितकासा जाणवला नसेल. आपणांस तो जाणवला.

तबकड्या फिरूं लागल्या कीं हक्काचा प्रश्न येतोच. मोकळ्या परवान्याच्या सॉफ्टवेअरास ही अडचण नाहीं. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअराविषयीं आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत १९९४ सालीं दुरुस्ती होऊन असें कलम आलें कीं, ज्याच्याकडे प्रत कायदेशीर रीतीनें आली आहे, त्यास ती ज्या कामासाठीं मिळाली त्या कामीं वापरण्यासाठीं तिची नक्कल अथवा रूपांतर करतां येतें, आणि नाश-नुकसानीपासून तात्पुरतें संरक्षण म्हणून जादा प्रत करून ठेवतां येते. स्वतःच्या वापरासाठीं बांधलेली तबकडी आणि बाजारांत विकलेली नक्कल यांत कायदा भेद करतो, आणि तो योग्यच आहे.

आतां दोष पाहूं. पहिला दोष उघड आहे: तेरा फ्लॉप्यांपैकीं एक बिघडली तर ती एक पुन्हां मिळवितां येई, एका तबकडीवर ओरखडा पडला तर सर्वच धोक्यांत. परंतु यास औषध आहे. दुसरी प्रत काढून ठेवावी. दुसरा दोष सूक्ष्म आहे आणि आमच्या मतें तोच अधिक गंभीर आहे. प्रकाशक प्रत्येक तबकडीच्या प्रतिमेबरोबर तिचा एक ठसा, म्हणजे सर्व बाइटांवरून गणित करून काढलेला आंकडा, प्रसिद्ध करतो. आपली प्रत त्याशीं जुळली म्हणजे ती अस्सल. एकत्र बांधलेल्या तबकडीचा ठसा निराळाच येतो. तो कोणत्याहि प्रसिद्ध ठशाशीं जुळत नाहीं. आंतील एकेक फाईल शुद्ध असेल, पण सबंध तबकडीची साक्ष गेली. ती बांधणाऱ्यानें मध्यें कांहीं घातलें कीं काढलें, याची खात्री केवळ तबकडीच्या ठशावरून होत नाहीं.

इतिहासकारास तर याहून अधिक हानि दिसेल. मूळ संचांत तबकडीचीं नांवें, काळखुणा, कोणतें पॅकेज पहिल्या सीडीवर आणि कोणतें शेवटच्या, हें सर्व पुरावा म्हणून बोलतें. डेबियनसारख्या संचांत अधिक लोक वापरतात तें आधींच्या सीडीवर ठेवण्याची पद्धत होती. म्हणजे केवळ क्रमावरून त्या काळच्या वापराची कल्पना येते. एका ढिगांत ओतल्यावर हा पुरावा पुसला जातो. पेशवे दप्तरांतील कागद कोणत्या रुमालांत कोणत्या कागदाशेजारीं होता, हें संशोधकास कागदाइतकेंच मोलाचें वाटतें. तसेंच हें आहे.

म्हणून एकत्र बांधूंच नये काय? असें आमचें म्हणणें नाहीं. वापरासाठीं बांधलेली प्रत आणि साक्षीसाठीं राखलेली प्रत या दोन निराळ्या वस्तु आहेत, आणि दोन्ही हव्यात. शके १५०६ मध्यें एकनाथांनीं ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हां आपण हें काम केल्याची नोंद त्यांनीं शकासह शेवटीं करून ठेविली. म्हणून आज आपणांस त्या संस्करणाचा काळ आणि कर्ता ठाऊक आहे. तबकडी बांधणाऱ्यानेंहि एवढें केलें असतें तर पुरें होतें: कोणत्या आवृत्तीच्या किती तबकड्या, त्यांचे मूळ ठसे कोणते, कोणत्या फाईलींत कोणती ओळ बदलली, आणि केव्हां. दहा ओळींची एक फाईल तबकडीच्या मुळाशीं ठेवावयास जागा ती कितीशी लागणार?

तो काळ आतां मागें पडला आहे. २०११ सालीं ॲपलनें मॅकची 'लायन' ही आवृत्ति मुख्यतः जाळ्यावरूनच दिली. २०१५ सालीं विंडोज १० दुकानांत आली ती बोटभर लांबीच्या यूएसबी काडीवर. नव्या संगणकांत बहुधा तबकडीचें यंत्रच नसतें. त्यामुळें जुन्या सीडींचे संच आणि घरीं बांधलेल्या डीव्हीडी पेटाऱ्यांत पडून आहेत, आणि त्यांवर लिहिलेला थर कायमचा टिकणारा नाहीं. ज्यांच्याकडे असे संच असतील त्यांनीं ते वाचतां येत आहेत तोंच प्रत्येक तबकडीची निराळी प्रतिमा काढून, ठशासह जतन करावी. घरीं बांधलेली तबकडी असेल तर तीहि टाकूं नये, तिच्यावर कोणी, केव्हां, कशांतून बांधली तें लिहून ठेवावें. पोथीचें पान हरवलें तर तें दुसऱ्या पोथींतून मिळण्याची आशा असते. येथें प्रती हजारों निघाल्या, पण त्या सर्व एकाच काळीं, एकाच प्रकारच्या झिजणाऱ्या तबकडीवर निघाल्या. आणि दुसरी पोथी शोधावयास आपण निघूं तेव्हां तीहि वाचतां येण्यासारखी उरली असेल, असें धरून चालतां येत नाहीं.